खापर लिनक्सच्या माथी कशाला?

शाळेच्या नव्याकोऱ्या फेडोरा लिनक्सवर स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ लावला. आवाज खणखणीत, पडदा काळा. लगेच कुणीतरी म्हणतं, "फुकटचं ते फुकटचंच!" आणि चोरीच्या विंडोजची सीडी बाहेर येते. शाळेत चोरीचा माल चालतो, याची मात्र कुणाला लाज वाटत नाही.

व्हिडिओ होता एच.264 या स्वरूपातला. तो उलगडणारं मुक्त सॉफ्टवेअर नाही, असं म्हणणाऱ्यानं एकदा व्हीएलसी वापरून पाहावं. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा प्लेअर समोर येईल ती फाइल वाजवतो. फेडोरामागे मात्र रेड हॅट ही अमेरिकी कंपनी उभी आहे. अमेरिकेत एच.264 वर पेटंटं आहेत, त्यामुळे उद्या कुणी दावा ठोकला तर काय, या भीतीनं डीकोडर आधीच वगळला जातो. म्हणजे अडचण वकिलांची, आणि शिव्या खातो लिनक्स!

एमपी3 चंही हेच झालं. 2002 मध्ये रेड हॅट लिनक्स 8.0 मधून एमपी3 काढून टाकलं. फेडोरावर ते अधिकृतपणे वाजायला 2016 साल उजाडलं. 2017 मध्ये जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेनं परवान्यांचा कारभारच गुंडाळला. गाणी तीच, त्यामागचं गणितही तेच. मुदत संपली ती पेटंटांची. मधल्या काळात किती जणांनी "लिनक्सवर गाणी वाजत नाहीत" म्हणून पाठ फिरवली, त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

डीव्हीडीला तर चक्क कुलूपच आहे. हे कुलूप उघडणारा प्रोग्राम 1999 मध्ये बाहेर आला, आणि त्यावरून पुढे नॉर्वेतल्या योन योहान्सेन या शाळकरी मुलावर खटला भरला गेला. 2003 मध्ये तो निर्दोष सुटला; सरकारचं अपीलही फेटाळलं गेलं. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी पाहणं हा गुन्हा नाही, हे न्यायालयाला मान्य झालं.

आपल्याकडे काय? कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये 65अ कलम आलं. कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. पैसे मोजून आणलेल्या नाटकाची डीव्हीडी घरी उबुंटू लिनक्सवर बघण्यात असा कुठला हेतू आला? पेटंट कायद्याचं 3(के) कलमही सांगतं, की निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. 'पद्धत' किंवा 'उपकरण' असा वेश चढवून कंपन्या ती मिळवतात, हेही खरं. तरी अमेरिकी वकिलाची भीती इथल्या मास्तरांनी का बाळगावी?

तेव्हा व्हीएलसी, कोडेक जे लागेल ते बेलाशक बसवा. पण एवढ्यावर समाधान मानू नका. ज्या फाइलसाठी आधी कुणाची तरी परवानगी लागते, ती सार्वजनिक पैशातून बनतेच का, हा प्रश्न विचारा. केंद्र सरकारनं ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण 2010 मध्येच जाहीर केलं आहे.

शाळा, ग्रंथालयं आणि सरकारी खात्यांकडे आमचं मागणं एवढंच, की प्रत्येक व्हिडिओ वेबएम या खुल्या स्वरूपातही द्या. रूपांतराला एफएफएमपेग या मुक्त सॉफ्टवेअरची एक ओळ पुरते. निविदा काढावी लागत नाही.