संगणकाची भाषा बदलताना कीडनोंदी जपा

प्रकाश सापळ्यातील पतंगांची मोजणी आणि शेतकऱ्याला मिळणारा सल्ला यांच्यामध्ये आता संगणकाची एखादी छोटी आज्ञावली उभी असते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेल्या अशा पुष्कळ आज्ञावली पायथन २ या आवृत्तीत आहेत. तिची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. गणनेसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या नमपाय या संचाने २०१९ मध्येच तिची साथ सोडली. त्यामुळे ‘चालते आहे तोवर चालू द्यावे’ हे धोरण जुना संगणक बंद पडेपर्यंतच टिकणारे आहे. मात्र ‘एखादा विद्यार्थी दुपारभरात बदलून देईल’ ही समजूत मला अधिक घातक वाटते.

स्थलांतरात काही चुका बोलक्या असतात. आज्ञावली तेथेच अडते आणि दोष कळतो. भागाकाराची चूक मात्र मुकी असते. जुन्या पायथनमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येई. पायथन ३ मध्ये अपूर्णांक येतो. दिवसाच्या क्रमांकावरून प्रमाणित हवामान सप्ताह काढण्याचे उदाहरण घ्या. १९ जुलै हा सामान्य वर्षाचा २०० वा दिवस. त्यातून एक वजा करून सातने भागले व एक मिळवला, की जुनी आज्ञावली २९ वा सप्ताह सांगते. तीच ओळ नव्या आवृत्तीत २९.४३ सांगते. या क्रमांकावरून हवामानाची नोंद जुळवल्यास त्या सप्ताहातील केवळ १६ जुलैची नोंद जुळते आणि उरलेले सहा दिवस निमूटपणे गळतात.

उलट बाजूही पाहावी. एका चुडातील २० फुटव्यांपैकी २ फुटव्यांचा गाभा खोडकिड्याने मेला असेल, तर प्रादुर्भाव १० टक्के. आधी भागाकार आणि मग शंभरने गुणाकार अशा क्रमाने लिहिलेली जुनी आज्ञावली तो शून्य दाखवते. म्हणजे स्थलांतर ही जुने आकडे तपासण्याचीही संधी आहे.

हे आकडे कागदावर राहत नाहीत. दुर्ग जिल्ह्यातील धमधा-पाटनचा शेतकरी असो वा गोंदिया-भंडाऱ्याचा, त्याच्या हाती केवळ सल्ला पोहोचतो. तपकिरी तुडतुड्यांचा इशारा उशिरा मिळाला, तर धान जळाल्यासारखे करपते. अकारण फवारणी झाली, तर तुडतुडे खाणारे कोळी आणि मित्रकीटक मरतात.

नव्या आवृत्तीचा लाभही मोठा आहे. ‘दुर्ग’ या शब्दाची लांबी जुनी आवृत्ती एरवी १५ मोजते, कारण ती साठवणुकीचे बाइट मोजते. नवी ५ चिन्हे मोजते. देवनागरीत लिहिलेली गावांची नावे हाताळणे त्यामुळे पुष्कळ सोपे होते.

म्हणून आग्रह इतकाच, की आज्ञावलीचे स्थलांतर हे उपकरणाच्या प्रमाणीकरणाइतके शास्त्रीय काम मानावे. हाताने पडताळलेल्या एका हंगामाच्या नोंदी जुन्या व नव्या आज्ञावलीतून समांतर चालवाव्यात. प्रत्येक फरकाचे कारण त्या विषयाच्या शास्त्रज्ञाने लेखी नोंदवावे आणि प्रकल्पाच्या वार्षिक आराखड्यात या कामाला वेळ द्यावा. वजनकाटा बदलल्यावर आपण जुने वजन पुन्हा करून पाहतो. गणिताचा काटा बदलतानाही तीच शिस्त हवी.