डांगीला लिटरच्या मापाने मोजू नका

मा. पशुसंवर्धन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे



मी इगतपुरी तालुक्यातला भातशेतकरी. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या पावसात, गुडघाभर गाळात चिखलणी करतो तो डांगी बैल. त्याच्या कातडीला तेलकट ओशटपणा असतो, त्यामुळे पाणी अंगावर ठरत नाही. काळे खूर दगडासारखे टणक. महादेव कोळी, ठाकर, कानडी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या वळू पारखून हे जनावर घडवले आहे.

तरी डांगीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘दूध किती?’ कमीच, वेताला सरासरी ५०० लिटरच्या आसपास. आम्हीही मग एक संकरित गाय दावणीला बांधली. पहिल्याच श्रावणात तिचे खूर सडले, अंगभर गोचीड झाले आणि दुधाचा पैसा औषधात गेला. संकराशी माझे वैर नाही. संगमनेर-राहुरीकडे याच गायींनी कितीतरी घरे उभी केली. पण तिथला पाऊस वेगळा, चारा वेगळा.

३० सप्टेंबर २०२४ रोजी शासनाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हटले, गोशाळांना गायीमागे रोज ५० रुपये द्यायचे ठरवले. आनंद वाटला. पण डांगी गोशाळेच्या जिवावर टिकलेली नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला तिचे शेण लागते, आवणीला (भातलावणीला) तिचा खोंड लागतो, म्हणून ती घरात राहिली. आता पॉवर टिलर आला. खोंडाला गिऱ्हाईक उरले नाही, तर गाय कोण पोसणार?

तिचे खरे मोल कळावे म्हणून संशोधनाने आमच्या गोठ्यात यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भर पावसात डांगी किती आजारी पडते आणि संकरित किती, डोंगरचाऱ्यावर तिचा खर्च किती, बैल दिवसाला किती खाचर उरकतो, हे मोजा. राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात नंबर काढणाऱ्या वळूची वासरे पुढे कोणकोणत्या गावांत झाली, कशी निघाली, त्याची वही ठेवा. चांगला वळू सांभाळणाऱ्याला वर्षाचा खर्च द्या; वळू पोसणे एका घराला आता झेपत नाही. आणि ही माहिती घोटीच्या जनावरांच्या बाजारात, आम्हाला कळेल अशा मराठीत सांगा.

आपले शास्त्रज्ञ आवणीच्या दिवसांत पाठवा. आठ दिवस राहू द्या. जेवणाची, मुक्कामाची सोय आमच्या घरी होईल.

आपला,
इगतपुरी तालुक्यातला एक शेतकरी