वॉफलचं यंत्र ओट्यावर नको

स्त्रियांच्या प्रश्नांवरच्या अंकात पाककृती छापायची नाही, हा आपल्या चळवळीतल्या नियतकालिकांचा जुना, अलिखित नियम आहे. तो का आला हे सांगायला नको. बाईसाठी म्हणून निघणाऱ्या अंकांत लोणची, भरतकाम आणि त्वचेची निगा एवढंच असायचं, त्याला कंटाळूनच आपण वेगळी पानं काढली. पण मैत्रिणींनो, पाककृती नाकारताना आपण स्वयंपाकघरही चर्चेतून काढून टाकलं, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. हुंडा, पोटगी, बलात्काराचा कायदा यांवर आपण बोलतो आणि बोललंच पाहिजे. रविवारी सकाळी ओट्याशी कोण उभं असतं, यावर मात्र आपण एक उसासा टाकून पुढे जातो. म्हणून मी आज वॉफलवर लिहिणार आहे, कृतीसकट.

नाशिकला कॉलेज रोडवर मिळतं ते वॉफल गोड, चॉकलेट ओतलेलं. ते मुलांनी खावं आणि विसरावं. मी बोलते आहे ते घरी होणाऱ्या तिखट-मिठाच्या वॉफलबद्दल. आता हे यंत्र दिवाळीच्या सवलतीत, लग्नाच्या आहेरात, हौसेने घरात येतं. दोन खाचेदार तव्यांमध्ये दाबून, दोन्ही बाजूंनी एकदम भाजलेलं जाड धिरडं म्हणजे वॉफल. युरोपात शेकडो वर्षं लांब दांड्याचे लोखंडी साचे विस्तवावर धरून ते करत. अमेरिकेत १८६९ साली चुलीवर उलटवता येणाऱ्या साच्याचं पेटंट घेतलं गेलं. आपल्याला तर हा प्रकार मुळीच परका नाही. आप्पेपात्र आहे, गॅसवर धरायचा सँडविचचा टोस्टर आपल्यापैकी अनेकींनी वापरला आहे. भाजणीचं, मुगाचं, रव्याचं, इडलीच्या उरलेल्या पिठाचं, सगळ्याचं वॉफल होतं आणि चांगलं होतं.

अडचण चवीची नाही. घरगुती यंत्रात एका वेळी एक, फार तर दोन वॉफल होतात आणि एका घाण्याला पाच मिनिटं लागतात. हिशेब करा. घरात सहा माणसं, प्रत्येकी दीड, म्हणजे नऊ वॉफल. एकेक करत गेलं तर पाऊण तास. आधी करून एकावर एक रचून ठेवावीत, तर स्वतःच्याच वाफेने ती मऊ पडतात, कुरकुरीतपणा जातो. म्हणजे यंत्रातून निघालं की ताटात आणि ताटातून तोंडात. ‘आणखी एक टाक गं’ म्हणणारे टेबलाशी बसलेले, टाकणारी उभी. नववं वॉफल तिचं. तोवर चहा निवलेला असतो आणि बाकीचे उठून गेलेले असतात.

हे आपल्याला ओळखीचं आहे ना? फुलके, थालीपीठ, घावन, डोसे, सगळ्यांची हीच तऱ्हा. ‘गरम-गरम’ हे आपण पदार्थाचं वर्णन समजतो. प्रत्यक्षात तो घरातल्या बाईला दिलेला हुकूम असतो. त्या एका शब्दावर तिची पंगतीतली जागा ठरते, म्हणजे पंगत उठल्यानंतरची. याउलट पोहे घ्या, उपमा घ्या, सांजा घ्या. कढई एकदा खाली उतरली की सगळ्यांनी एकदम बशा भरायच्या, करणारीनेही. पोह्यांइतका समतावादी नाश्ता दुसरा नाही. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात त्यांची जी बदनामी झाली, तो दोष पोह्यांचा नव्हे.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं केवढं राजकारण करता! मी कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. समोर बसलेल्या बाईला ‘पहिल्यांदा हात कधी उचलला?’ असं विचारलं की कितीदा तरी उत्तर ताटापाशी येऊन थांबतं. पोळी गार होती. भाजीत मीठ नव्हतं. पाहुण्यांसमोर वेळेवर वाढलं नाही. सिडकोतली एक बाई मला म्हणाली होती, ‘ताई, त्याला राग पोळीचा नव्हता हो, मी बसले होते त्याचा होता.’ देशाच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकापुरुषांना विचारतात की कोणत्या कारणाने नवऱ्याने बायकोला मारणं योग्य ठरतं. त्या सात कारणांच्या यादीत ‘नीट स्वयंपाक केला नाही’ हे कारण आहे. ज्यांनी यादी केली त्यांनी ते हवेतून आणलेलं नाही. त्याच पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून जास्तच आहे. पंडुरोगाला कारणं अनेक आहेत. पण सगळ्यांनंतर उरेल ते खायचं, ही रीत त्यांतल्या एकालाही बरं करत नाही.

वेळेचं मोजमापही सरकारने केलं आहे. २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात बाईची रोजची २९९ मिनिटं आणि पुरुषाची ९७ मिनिटं जात होती. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली, तर पुरुषांनी आपलीही नऊ कमी करून घेतली! आणि हे आकडे फक्त घरकाम करणाऱ्यांचे आहेत. जे पुरुष घरात इकडची काडी तिकडे करत नाहीत, ते या सरासरीत धरलेलेच नाहीत.

आता यंत्र घेतलं की काम कमी होईल, ही आशा. मी यंत्रांच्या विरोधात नाही. पाट्यावर वाटणाऱ्या आजीचे खांदे मी पाहिले आहेत. मिक्सरला नावं ठेवणाऱ्याने आधी आठवडाभर पाटा-वरवंटा चालवावा. पण रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्येच एका पुस्तकात दाखवून दिलं होतं की घरगुती यंत्रांनी अनेकदा पुरुषांचं आणि मुलांचं घरकाम वाचवलं. बाईकडून अपेक्षा मात्र वाढत गेल्या. रोज पोहे चालत होते तिथे आता रविवारी वेगळं काही हवं असतं. त्याला नावही आलं आहे, ब्रंच. सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण मिळून एकच खाणं, असा त्याचा अर्थ. आपल्या घरांत साडेदहाला ब्रंच होतं आणि दीड वाजता ‘थोडा वरणभात लाव ना’ होतं. एक खाणं कमी व्हायचं ते एक पदार्थ वाढून बसतं.

‘आमच्याकडे हेच करतात वॉफल’ असंही ऐकते. कौतुक आहे. पण आदल्या रात्री पीठ कुणी भिजवलं, कांदा-कोथिंबीर कुणी चिरली आणि नंतर ओटा कुणी पुसला, हे विचारल्यावर ते वाक्य जरा अडखळतं. काही घरांत हे सगळं स्वयंपाकाच्या मावशी करतात. मग रविवार लांबतो तो त्यांचा. पुढच्या दोन घरी त्यांना उशीर होतो, आणि स्वतःच्या घरची चूल पेटायची बाकीच असते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. तरी आठवड्याची भरपगारी सुट्टी आपल्यापैकी किती जणी देतात? हा प्रश्न कार्यकर्त्यांनी आधी स्वतःच्या घरात विचारावा.

दुसरा मार्ग म्हणजे बाहेर जाणं. नाशिककराचा रविवार मिसळीवर असतो, तो मला आवडतो. निदान तेवढे दोन तास घरातली बाई बसून खाते. पण शहराबाहेरच्या रस्त्यांवर ‘चुलीवरची मिसळ’ अशा पाट्या दिसतात तेव्हा हसू येतं आणि रागही. ज्या धुराने बायांचे डोळे आणि छाती गेली, ज्यातून सुटका म्हणून गॅस घरोघरी देण्याच्या योजना निघाल्या, तो धूर आता चव म्हणून विकला जातो.

स्वयंपाक परक्याने खाल्ला तर ते काम ठरतं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तीच भाकरी नवऱ्याला वाढली की ती माया होते. गृहिणीच्या श्रमाला पैशात किंमत असते, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितलं. तेही अपघातात मेलेल्या बाईच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात.

तर वॉफल करू नका, असं मी म्हणत नाही. या यंत्राचा एक गुण आहे, जो तव्यात नाही. त्याला वायर आहे. ते गॅसला बांधलेलं नाही, ओट्याला नाही, स्वयंपाकघरालाही नाही. ते उचला आणि जिथे सगळे बसतात तिथे मधोमध ठेवा. शेजारी पिठाचं पातेलं आणि डाव. ज्याला हवं त्याने स्वतःचं घालायचं, स्वतःचं काढायचं. दहा वर्षांचं मूलही नीट दाखवलं तर मोठ्यांच्या देखत हे करू शकतं, आणि सासरेही करू शकतात.

प्रमाण असं. दोन वाट्या थालिपिठाची भाजणी (बचत गटाकडून घ्या, घासाघीस न करता), अर्धी वाटी रवा, एक वाटी आंबट दही, मीठ, तिखट, हळद, बारीक चिरलेला एक कांदा, कोथिंबीर. दोन चमचे तेल पिठातच घालायचं, त्याने ते चिकटत नाही आणि कुरकुरीत होतं. पाणी लागेल तसं. इडलीच्या पिठाइतकं दाट हवं. वीस मिनिटं झाकून ठेवा, भाजणी पाणी पिते. शेवटी पाव चमचा खायचा सोडा. यंत्र पुरतं तापू द्या, तेलाचा हात लावा, डावभर पीठ मध्ये घाला, पसरायला जाऊ नका. बाहेर येणारी वाफ थांबेपर्यंत उघडायचं नाही. घाईने उघडलं तर अर्धं वरच्या तव्याला आणि अर्धं खालच्या तव्याला चिकटतं, आणि मग ‘तूच कर, मला जमत नाही’ हे ऐकावं लागतं. तेव्हा उठायचं नाही. दुसरं जमतं. सोबत ठेचा आणि लोणी.

वायर पायात येणार नाही अशी भिंतीकडून घ्या. यंत्र पाण्यात बुडवायचं नाही. निवल्यावर ओल्या फडक्याने पुसायचं असतं. कुणी पुसायचं, ते पीठ कालवायच्या आधीच ठरवून घ्या.