शेंकडा निकाल आणि शाळेची योग्यता

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे लहान गांवांत एकच चर्चा सुरू होते: कोणत्या हायस्कुलाचा निकाल शेंकडा किती? जिल्हा परिषदेची शाळा पुढें गेली कीं नगरपरिषदेची? चौकांत फलक लागतात, आणि जिचा आंकडा खालीं गेला त्या शाळेंतून मुलें काढून घेण्याचे विचार घरोघर होऊं लागतात. पालकांनीं शाळेची पारख करावी हें योग्यच आहे. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या शाळांनीं लोकांस हिशेब दिलाच पाहिजे. परंतु हिशेब तपासणारास त्याची रीत ठाऊक असावी, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

प्रथम संख्येचा विचार करूं. एका शाळेंतून २० मुलें परीक्षेस बसलीं व एक नापास झालें, तर निकाल शेंकडा ९५ लागतो. दुसरींतून २०० बसलीं व ८ नापास झालीं, तर शेंकडा ९६. पहिल्या शाळेंतील त्या एका मुलास ऐन परीक्षेंत ताप आला नसता, तर तिचा निकाल शेंकडा १०० लागता! एका मुलाच्या तापावरून सबंध शाळेची अब्रू ठरवावी काय? निदान पांच वर्षांचे निकाल तरी एकत्र पाहावे.

शिवाय नियम बदलले कीं आंकडेही बदलतात. आपल्या राज्याचा दहावीचा निकाल २०१८ सालीं शेंकडा ८९.४१ होता. २०१९ सालीं अभ्यासक्रम नवा आला, भाषा व समाजशास्त्र या विषयांचे अंतर्गत गुण बंद झाले, आणि निकाल ७७.१० वर उतरला. पुढील वर्षीं ते गुण परत आले व निकाल ९५.३० झाला. २०२१ सालीं महामारीमुळें लेखी परीक्षाच झाली नाहीं, तरी निकाल ९९.९५ लागला! मुलांची बुद्धि कांहीं वर्षावर्षास अशी वरखालीं होत नाहीं.

परंतु खरी गोष्ट पुढेंच आहे. जें मूल परीक्षेस बसलेंच नाहीं, तें कोणत्याच आंकड्यांत येत नाहीं. पूर्वीं एका शाळेंत असतांना, नववींतील एका कच्च्या मुलानें १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा द्यावी, असें शिक्षकांच्या सभेंत ठरलें. आम्ही तेथें होतों व गप्प बसलों. त्या वर्षीं शाळेचा निकाल शेंकडा १०० लागला; पेढे आम्हींही खाल्ले. मुलानें अर्ज भरलाच नाहीं. पुढें तो आम्हांस भाजीमंडईंत पोतीं उचलतांना दिसला. त्यानें वांकून नमस्कार केला, आणि आमची मान खालीं गेली.

म्हणून पालकांनीं शाळेस एक प्रश्न अवश्य विचारावा: आठवींत आलेल्या मुलांपैकीं किती मुलें तुमच्याच शाळेंतून दहावी उत्तीर्ण झालीं? समजा, दोन शाळांत आठवींत ६०-६० मुलें आलीं. एकींतून ४० परीक्षेस बसलीं व ४० ही उत्तीर्ण झालीं; दुसरींतून ५७ बसलीं व ५१ उत्तीर्ण झालीं. फलकावर पहिलीचा निकाल शेंकडा १००, दुसरीचा शेंकडा ८९. पण पहिलीनें ४० मुलें पैलतीरास नेलीं, दुसरीनें ५१. यांत श्रेष्ठ कोणती, हें सुज्ञ वाचकांनींच ठरवावें.

हाच प्रश्न आमच्याही शाळेस विचारावा. विद्यार्थ्यांनो, तुमच्या शेजारचें बांक नववीनंतर रिकामें झालें असेल, तर त्यावर कोण बसत होतें हें विसरूं नका.