काँक्रीट रस्त्यांची अकाली दुरवस्था

अपेक्षित आयुर्मान संपण्याच्या पुष्कळ आधी सिमेंट काँक्रीटच्या रस्त्याला तडे जाणे, सांध्यांच्या कडा तुटणे, पृष्ठभाग झिजणे किंवा स्लॅब खचणे यास काँक्रीट रस्त्याची अकाली दुरवस्था म्हणतात. भारतात हे रस्ते साधारणतः ३० वर्षांच्या आयुर्मानासाठी आखले जातात. डांबरी रस्त्यापेक्षा अधिक असलेला प्रारंभिक खर्च या टिकाऊपणामुळेच समर्थनीय ठरतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचा बांधण्यात आला. मुंबईत पावसाळ्यातील खड्ड्यांवर उपाय म्हणून महानगरपालिकेने काँक्रिटीकरण हाती घेतले. जानेवारी २०२३ मध्ये सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या कामांचा शुभारंभ झाला. त्यांचा अंदाजित खर्च सुमारे ६,००० कोटी रुपये होता. पुढे कामांच्या गुणवत्ता तपासणीसाठी आयआयटी मुंबईची मदत घेण्यात आली.

कारणे

पाया : खालची जमीन व थर सर्वत्र सारखे दाबले न गेल्यास स्लॅबला असमान आधार मिळतो. उघड्या सांध्यांतून पाणी झिरपते, चाकांच्या दाबाने ते मातीचे बारीक कण घेऊन बाहेर फेकले जाते आणि पोकळी निर्माण होऊन स्लॅबचे कोपरे तुटतात.

मिश्रण : काँक्रीट पसरवणे सोपे जावे म्हणून कामाच्या जागी जादा पाणी मिसळल्यास त्याची ताकद घटते व पृष्ठभाग लवकर झिजतो.

सांधे : काँक्रीट घट्ट होताना आकसते. त्याला ठरावीक रेषेत तडा जावा यासाठी साधारणतः दर ४.५ मीटरवर यंत्राने काप घेतात. काप फार लवकर घेतल्यास कडा उखडतात. काही तासांचा उशीर झाल्यास वेडेवाकडे तडे जातात. सांध्यातील डॉवेल सळया तिरक्या बसल्यास सांधा जखडतो व स्लॅबला इतरत्र तडा जातो.

क्युरिंग : ताजे काँक्रीट निदान १४ दिवस ओले ठेवावे लागते. कडक उन्हात व वाऱ्यात पृष्ठभाग त्वरेने सुकून त्यावर बारीक भेगा पडतात.

खोदकाम : जलवाहिन्या, मलवाहिन्या व केबलसाठी तयार रस्ता पुन्हा फोडला जातो. चरातील भराव नीट न दाबल्यास तो बसतो आणि वरील स्लॅब आधाराविना राहतो.

विश्लेषण

यांतील बहुतेक कारणे साहित्यापेक्षा कार्यपद्धतीशी निगडित आहेत. मुंबईत काँक्रीट टाकण्याचे काम मुख्यतः पावसाळ्याव्यतिरिक्तच्या महिन्यांत करता येते. अंतिम टप्पा ऐन उन्हाळ्यात येतो आणि पावसापूर्वी रस्ता खुला करण्याचा दबाव असतो. परिणामी क्युरिंगच्या व सांधे भरण्याच्या अवधीवर सर्वप्रथम गदा येण्याचा धोका असतो.

प्रचलित चाचणीचीही मर्यादा आहे. प्रयोगशाळेत २८ दिवस पाण्यात ठेवलेला ठोकळा मिश्रणाची ताकद दाखवतो. रस्त्यावरील स्लॅबला तेवढे पाणी मिळाले की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यामुळे ठोकळा उत्तीर्ण होऊनही रस्ता नापास ठरू शकतो. प्रत्यक्ष स्लॅबमधून काढलेल्या नमुन्यांची तपासणी, काप घेतल्याच्या वेळेची नोंद आणि भूमिगत वाहिन्यांची कामे आधी पूर्ण करणे हे उपाय म्हणूनच महत्त्वाचे ठरतात.

डांबरी रस्त्यावरील खड्डा थोड्या वेळात बुजवता येतो. खोल तडा गेलेला स्लॅब मात्र अनेकदा संपूर्ण तोडून नव्याने घालावा लागतो. बांधकामात वाचवलेल्या काही दिवसांची किंमत अशा रीतीने नागरिकांना वाहतूककोंडी व दुहेरी खर्चाच्या रूपाने मोजावी लागते.