चोवीसपट दुर्बिणीचं खूळ

मंडळी, आज जरा भांडायला बसलोय. भांडण कुणा एकाशी नाही, आमच्याच नात्यातल्या तीन-चार घरांशी आहे. ती सगळी घरं हा ब्लॉग वाचतात हे मला पक्कं ठाऊक आहे, तेव्हा टोपी ज्याची त्याने घालून घ्यावी.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ब्राँझ पदक मिळवलं आणि तेव्हापासून मला एकच प्रश्न विचारला जातो: "काका, कमी पैशात रायफलीवर लावायला लांब पल्ल्याची चांगली दुर्बीण कोणती?" मी शाळेत मराठी शिकवलं, नेमबाजी नव्हे. पण मी राहतो तळोज्याला, पनवेलजवळ कर्नाळा अकादमीत ऑलिंपिकपटू सुमा शिरूर मुलांना शिकवतात, आणि मी निवृत्त, म्हणजे चौकशीला रिकामा. असो.

तर पहिली गोष्ट. कुसाळेच्या रायफलीवर दुर्बीण नव्हतीच! ५० मीटर थ्री पोझिशन म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरायचा. मागच्या बाजूला बारीक भोक असलेली चकती (पीप साइट म्हणतात तिला), पुढे नळीच्या टोकाला एक कडं, आणि त्या कड्यात मधोमध लक्ष्याचा काळा गोल. बस्स. मोठं करून दाखवणारी दुर्बीण तिथे नियमानेच चालत नाही. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्मं, आणि ते ५० मीटरवर. अंतिम फेरीत त्याने ४५१.४ गुण केले ते असल्या भोकातून बघून. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं विश्वविजेतेपद मिळवलं, तेही असंच.

मग आपल्या बंड्याला दुर्बीण कशाला? १० मीटर एअर रायफल शिकायला निघालेल्या मुलाला ती देणं म्हणजे शुद्धलेखन शिकायला बसलेल्या पोराला टंकलेखन यंत्र देणं. शेजारी तिकाटण्यावर ठेवतात ती दुर्बीण वेगळी. ती कागदावरची भोकं बघायला असते, नेम धरायला नाही. आणि आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक लक्ष्य आलंय, तिथे गुण समोरच्या पडद्यावरच दिसतात.

कुसाळेचे वडील शिक्षक. माझ्याच जातकुळीचे म्हणून ही गोष्ट मला जास्त लागली. मुलाच्या सरावासाठी त्यांनी कर्ज काढल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं. कर्ज कशासाठी? गोळ्यांसाठी! राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या मास्तराला जे कळलं ते आमच्या शहरी सुशिक्षित घरांना कळत नाही. पैसा सरावात घालायचा असतो.

एका घरात तर स्प्रिंगच्या एअरगनवर दुर्बीण बसवून झाली. स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, आणि साध्या दुर्बिणीच्या आतली भिंगं त्या पुढच्या झटक्याने हलतात. शिवाय बऱ्याच साध्या दुर्बिणी १०० यार्डांच्या हिशेबाने जुळवलेल्या असतात. १० मीटरवर चित्र धूसर, आणि डोळा जरा सरकला की फुलीही सरकते. विकणाऱ्याने यातलं एक अक्षर सांगितलं नाही. खोक्यावर मात्र ठळक: ६ ते २४ पट!

आता माझा अमेरिकेतला पुतण्या. त्याचं प्रकरण खरोखर वेगळं आहे. तिकडे एफ-क्लास नावाचा प्रकार आहे, पालथं झोपून, पुढे आधार लावून, हजार यार्डांपर्यंत. तिथे दुर्बीण चालते. कॅनडाच्या जॉर्ज फारकर्सन नावाच्या नेमबाजामुळे हा प्रकार सुरू झाला, म्हणून 'एफ'. डोळे थकलेल्या म्हाताऱ्यांनाही खेळता यावं हा त्यामागचा विचार. (माझं वय लक्षात घेता हा गृहस्थ मला फार आवडला.)

पण तिथेही चोवीसपटीचं खूळ घातकच. भिंगाचा व्यास भागिले पट, एवढा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. ५० भागिले २४ म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर. ४० ला १० ने भागा, ४ येतात. त्यात भर उन्हात जमिनीवरून उठणाऱ्या वाफा: पट वाढवली की त्याही वाढतात आणि लक्ष्य पाण्यात बुडाल्यासारखं डुलतं. नामांकित खेळाडू चाळीस-पन्नास पट वापरतात हे खरं, पण त्यांच्या भिंगांची किंमत ऐका आणि मग बोला.

स्वस्तातल्या दुर्बिणींची आणखी एक गंमत. आतल्या खुणा 'मिल'मध्ये आणि बाहेरचा खटका 'मिनिटा'त. एक मिल म्हणजे हजारावा भाग: १०० मीटरवर १० सेंटिमीटर, ६०० वर ६०. हे पाचवीतलं पोरही करील. पण एका मिलमध्ये जवळजवळ ३.४४ मिनिटं! कापड गजाने मोजायचं आणि मीटरने फाडायचं, तसलं काम. पट कमी चालेल, दोन्ही मापं एकच हवीत.

पुतण्याला मी सांगितलंय, ठरावीक दहापट घे, खटके खरे असलेली घे, आणि ती रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्यांत कंजुषी करू नकोस. कडी सैल असतील तर भिंग कितीही चांगलं असो, काय उपयोग? खटके वर किती जातात तेही बघ. ३०८ च्या रायफलीला १०० यार्डांवरून हजारावर जायला साधारण ३५ ते ४० मिनिटं वर जावं लागतं, आणि पुष्कळ स्वस्त दुर्बिणी त्याआधीच मान टाकतात.

त्यावर त्याचं म्हणणं, "काका, पण रिव्ह्यू चांगले आहेत." रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी चौकोनाची परीक्षा घेतली होती का? शंभर यार्डांवर एक गोळी झाडायची. मग वीस खटके वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, दर वळणावर एकेक गोळी, नेम मात्र सगळ्यांचा त्याच एका बिंदूवर. शेवटची गोळी पहिलीच्या भोकाशी आली तर दुर्बीण ठेवायची, नाहीतर मुदतीत परत करायची. त्याला हे सगळं लिहून पाठवलंय. त्याचा कागद आला की फोटो इथे टाकतो.