शुश्रूषा करणाऱ्यांचा हिशेब

'काळजीवाहू' हा शब्द मराठीत आपण सरकारसाठी राखून ठेवला आहे. ज्याच्यावर कारभाराचा सर्व भार असतो, परंतु काही ठरविण्याचा अधिकार नसतो, असे मंत्रिमंडळ म्हणजे काळजीवाहू मंत्रिमंडळ. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी जो प्रत्यक्ष वाहतो, बहुधा जी वाहते, तिला मात्र आपल्या भाषेत स्वतंत्र नाव नाही. परिचारिका म्हणावे तर ती पगारी, सेविका म्हणावे तर ती एखाद्या संस्थेची. घरातली ती नुसतीच सून असते, पत्नी असते, अविवाहित राहिलेली लेक असते, आणि जे करते ते त्या नात्याच्या पोटात गृहीत धरलेले असते. वृद्धांच्या आणि अपंगांच्या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. या तिसऱ्या व्यक्तीविषयी फारसे लिहिले गेले नाही, आणि शासनाच्या अर्जांत तर तिच्यासाठी रकानाच नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

हा विषय हवेत राहू नये म्हणून एक गाव समोर ठेवतो. दुर्ग-भिलाईहून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, खारून नदीच्या अलीकडे, कुम्हारी नावाचे नगर आहे. दुर्ग जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा काठ. पूल ओलांडला की रायपूर जिल्हा लागतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगढात मराठी कुटुंबे आहेत. १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत साहाय्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा विदर्भातून आणखी माणसे आली. निवृत्तीनंतर कारखान्याचे निवासस्थान सोडावे लागते, आणि मग दुर्ग-रायपूर मार्गालगतच्या भिलाई-३, चरोदा, कुम्हारी अशा वस्त्यांत चार खोल्यांचे घर बांधून राहणे हा अनेकांचा मार्ग ठरला. उमेदीत बांधलेले ते घर म्हातारपणासाठी कोणीच आखलेले नसते. न्हाणीघराला उंबरा असतो, जिना अरुंद असतो, मुले पुण्या-बंगळुराकडे गेलेली असतात. याच नगरात कारखान्यांत राबणारा मजूरवर्गही आहे. ९ एप्रिल २०२४ च्या रात्री मद्यनिर्मितीच्या एका कारखान्याचे कामगार घरी नेणारी बस कुम्हारीजवळ मुरुमाच्या खाणीत कोसळली आणि किमान बारा माणसे गेली. वृत्तपत्रांनी मृतांची संख्या दिली, ते योग्यच होते. अशा प्रत्येक अपघातात जे जखमी होऊन वाचतात, त्यांच्या पुढील आयुष्याची बातमी होत नाही.

कुम्हारीचे एक वैशिष्ट्य असे, की उत्तम उपचार तिथून दूर नाहीत. पूल ओलांडून टाटीबंधला गेले की २०१२ मध्ये सुरू झालेले 'एम्स' रुग्णालय आहे. पश्चिमेकडे भिलाईच्या सेक्टर ९ मध्ये पोलाद कारखान्याचे मोठे रुग्णालय आहे. अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाला तेथे वाचविले जाते. दहा-पंधरा दिवसांनी सुटीचा कागद हाती पडतो आणि त्यावर औषधांच्या खाली एक ओळ असते: घरी शुश्रूषा करावी. त्या एका ओळीचे आयुष्य कधी दहा वर्षे असते, कधी वीस. दर दोन तासांनी कूस बदलणे, मलमूत्र काढणे, घास भरविताना ठसका लागणार नाही हे पाहणे, पाठीला जखम होऊ न देणे, आणि रुग्णाचा राग निमूटपणे अंगावर घेणे, एवढे सारे त्या ओळीत सामावलेले असते. हे शिकविण्यासाठी कोणी घरी येत नाही. सून शेजारणीकडून शिकते, किंवा चुकत चुकत शिकते, आणि त्या चुकांची किंमत रुग्णाची त्वचा मोजते.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा वृद्धाला महिना ७५ रुपये केंद्राकडून मिळत. पुढे त्याचे २०० झाले आणि २०११ पासून वयाची अट साठावर आली. साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या माणसासाठी केंद्राचा वाटा आजही २०० च आहे. त्यात भर घालून छत्तीसगढ शासनाने २०२३ मध्ये ही रक्कम ३५० वरून ५०० वर नेली. अपंगांसाठीची केंद्रीय पेन्शन २००९ पासून आहे. तिला दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव लागते आणि अपंगत्व ऐंशी टक्के लागते. सत्तर टक्के अपंग माणूस सत्तर टक्के उठून बसतो, असा काहीसा हिशेब यामागे असावा. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाची गत आणखी निराळी. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. त्यांत कंपवाताचा नामनिर्देश आहे, स्मृतिभ्रंशाचा नाही. ('अपंग' जाऊन 'दिव्यांग' आले, त्याबद्दल शासनाचा उत्साह मोठा होता. शब्द बदलल्याने कोणाची खुर्ची जिना चढल्याचे ऐकिवात नाही.)

या रकमांच्या तोकडेपणावर टीका होते आणि ती व्हावयासच हवी. परंतु रक्कम पाचशेची पाच हजार केली, तरी मूळ मुद्दा शिल्लक राहतो. या साऱ्या योजना एक माणूस गृहीत धरतात: वृद्ध, किंवा अपंग. प्रत्यक्षात त्या घरात दोन माणसे असतात आणि दुसऱ्याची कमाई, झोप व प्रकृती पहिल्यासाठी खर्ची पडत असते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग सर्वेक्षणात, घरातल्यांची विनावेतन काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला १३४ मिनिटे देतात आणि पुरुष ७६ मिनिटे, असे आढळले. यात मुलांचे संगोपनही आले. रुग्णाशेजारी कान उघडा ठेवून पडून राहणे मात्र अशा नोंदीत बहुधा 'झोप' म्हणूनच उतरते.

कायद्याने कुटुंबाकडे पाहिले ते ऋणको म्हणून. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमान्वये मुलांकडून महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो, आणि वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. टाकून देणे हा गुन्हा ठरविला, हे उचितच झाले. पण जी टाकून देत नाही, तिच्याविषयी हा कायदा काय म्हणतो? काहीच म्हणत नाही. कर्तव्य पार पाडणारी व्यक्ती त्याच्या दृष्टीला पडतच नाही. तो अधिनियम सुधारण्याचे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले होते. त्यात घरपोच सेवांचा उल्लेख होता. सतराव्या लोकसभेबरोबर २०२४ मध्ये ते व्यपगत झाले आणि त्याविषयी फारसे कोणाला वाईट वाटल्याचे दिसले नाही.

आपल्या समाजाची सेवेची परंपरा थोर आहे, असे या ठिकाणी सांगितले जाते, आणि ते खरे आहे. छत्तीसगढातच तिचे मराठी उदाहरण आहे. रेल्वेच्या नोकरीत असताना स्वतः कुष्ठरोगाने ग्रासलेले सदाशिव गोविंद कात्रे यांनी १९६२ मध्ये चांपाजवळ भारतीय कुष्ठ निवारक संघ उभा केला. अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट १९७० नंतरच्या काळात तेथे आले आणि २०१९ मध्ये देह ठेवीपर्यंत त्याच कामात राहिले. आदल्या वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. वरोऱ्याच्या आनंदवनाची कथा तर मराठी वाचकाला सांगावयास नकोच. या संस्थांपुढे कोणीही नतमस्तक व्हावे. मात्र त्या कोणासाठी निघाल्या, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्यांना घरच्यांनी बाहेर काढले, त्यांच्यासाठी त्या निघाल्या. महाराष्ट्रातील १९८० च्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या नावातच 'निराधार' आहे. म्हणजे माणूस आधाराला मुकला की धर्मादाय आणि शासन दोघेही हालचाल करतात. जोवर एक सून त्याला धरून आहे, तोवर तो साधार, आणि म्हणून कोणाच्याच खात्यात नाही. ज्या घराने आपल्या माणसाला टाकले नाही, त्या घरावर आपण एक प्रकारचा दंडच बसवीत आहो. बोलण्यात मात्र कुटुंबसंस्थेचा गौरव चालू असतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. सेवेला पैशाचे मोल लावले की तिचे पावित्र्य जाते, सासऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या सुनेला भत्ता देणे म्हणजे नात्याचा बाजार मांडणे, इत्यादी. हा आक्षेप घेणारे बहुधा स्वतः रात्री उठत नाहीत, हे सोडून देऊ. ब्रिटनमध्ये १९७६ पासून अशा शुश्रूषेसाठी भत्ता देण्यात येऊ लागला, तेव्हा पतीसह राहणाऱ्या विवाहित स्त्रीला त्यातून वगळले होते. कारण एवढेच, की ती तशीही घरीच असणार. आईच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडलेल्या जॅकलिन ड्रेक यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. तेथील नाती त्यामुळे तुटल्याचे दिसत नाही. 'तशीही घरीच असते' हे वाक्य आपल्याकडे अजून शाबूत आहे. आणि पैशाने पावित्र्य भंगते म्हणावे, तर छत्तीसगढात २०२४ पासून महतारी वंदन योजनेखाली विवाहित स्त्रीला महिना एक हजार रुपये मिळतातच. ती पत्नी आहे म्हणून पैसे देण्यास अडचण नाही. ती एक कठीण काम करते म्हणून देण्यास मात्र संकोच वाटतो, हे नवल आहे.

वस्तुतः कायद्यात आधार आहे. २०१६ च्या त्याच अधिनियमाच्या चोविसाव्या कलमात, अधिक साहाय्याची गरज असलेल्या अपंगांसाठी शुश्रूषा करणाऱ्याचा भत्ता हा शासनाच्या योजनांचा एक विषय म्हणून लिहिलेला आहे. शासनाच्या आर्थिक कुवतीनुसार, अशी पळवाटही तेथेच आहे. केरळने आश्वासकिरणम या योजनेखाली शुश्रूषा करणाऱ्याच्या नावे महिना सहाशे रुपये ठरविले. रक्कम क्षुल्लक आहे. परंतु धनादेशावर नाव तिचे असते, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

भत्त्याहूनही, माझ्या मते, निकड आहे ती विसाव्याची. आठवड्यातून दोन दुपारी कोणी जाणते माणूस घरी यावे, रुग्णाजवळ बसावे, आणि त्या सुनेने डोळे मिटावेत, स्वतःच्या गुडघ्यासाठी डॉक्टरकडे जावे, किंवा नुसतेच माहेरी जाऊन यावे. ती आजारी पडली तर रुग्णाचे काय, हा प्रश्न विचारण्याची वेळच येऊ नये. यासाठी परदेशाकडे पाहण्याचीही आवश्यकता नाही. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेतून गावोगाव स्वयंसेवकांची घरभेटीची पद्धत वाढली, आणि २००८ मध्ये राज्याने ती आपल्या धोरणात घेतली. आणि छत्तीसगढाजवळ तर मितानिन आहे. 'मितान' म्हणजे विधिपूर्वक जोडलेला मित्र; त्या सुंदर शब्दावरून नाव दिलेल्या आरोग्यसखी या राज्याने २००२ पासून पाड्यापाड्यांत उभ्या केल्या. देशात 'आशा' त्यानंतर, २००५ मध्ये आली. गरोदर बाई कोणत्या घरात आहे, हे मितानिनला ठाऊक असते. तीन वर्षे अंथरुणावर असलेला म्हातारा कोणत्या घरात आहे, हेही तिला ठाऊक असतेच. फक्त ते तिला कोणी विचारीत नाही. तिच्यावर आधीच कामाचा बोजा फार आहे आणि मोबदला थोडा, म्हणून हेही तिच्याच गळ्यात बांधावे असे मी म्हणणार नाही. एका विनामोबदला स्त्रीची सुटका दुसऱ्या अल्पमोबदला स्त्रीच्या खांद्यावरून होऊ नये. शुश्रूषेचे तीन महिन्यांचे शिक्षण दिलेल्या, पगारी, वेगळ्या स्त्रिया व पुरुष नगरपालिकेने नेमावेत आणि त्यांना घर दाखविण्याचे काम तेवढे मितानिनने करावे. पुरुषही म्हणतो, कारण सहा फुटी माणसाला उचलून बसविण्यास पुरुषाचे बळ उपयोगी पडते.

कुम्हारीसारख्या छोट्या नगरात याचा आरंभ करून पाहता येईल. रायपूर व भिलाई यांसारख्या मोठ्या शहरांत अशी सेवा खाजगीरीत्या विकत मिळते. दोहोंच्या मधल्या वस्तीपर्यंत ती पोहोचेतो तिचा दर वाढतो आणि माणूस संध्याकाळच्या गाडीकडे डोळे लावून बसतो. पहिले काम यादीचे आहे. प्रभागवार घरे मोजावीत, आणि प्रत्येक घरात दोन नावे लिहावीत: कोण अंथरुणावर आहे, आणि रात्री त्याच्यासाठी कोण उठते.